टाकीतली धूळ आणि कॉलेजची हजेरी

मला लिहायची सवय नाही. परीक्षेत प्रश्न दिलेला असतो, त्याखाली उत्तर लिहायचं असतं, तेवढंच येतं. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारखी आणखी मुलं असतील. त्यांच्यासाठी लिही." म्हणून लिहितोय. पण खरं सांगायचं तर फक्त त्यांच्यासाठी नाही. ज्या माणसामुळं माझी छाती अशी झाली, त्यानंही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. आजारपणावर लिहिणारे बहुतेक लोक शेवटी सगळ्यांना माफ करतात. मी केलेलं नाही. कुणाला माफीचं वाचायचं असेल तर त्यानं इथंच थांबलं तरी चालेल.

काम

साखर कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्यात संपतो. मग पावसाळाभर दुरुस्ती चालते. मळीच्या, रसाच्या, पाण्याच्या मोठ्या लोखंडी टाक्या असतात, त्यांना रंग द्यायचा असतो. जुन्या गंजावर रंग दिला तर वर्षभरात पोपडे सुटतात. म्हणून आधी ब्लास्टिंग करतात. कंप्रेसरच्या जोरदार हवेनं वाळू नोझलमधून लोखंडावर मारायची. गंज, जुना रंग, सगळं उडून जातं आणि खालचं लोखंड राखाडी, मांजराच्या जिभेसारखं खरखरीत निघतं. त्यावर त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला हात, बसला पाहिजे. पावसाळी हवेत उघडं लोखंड चहा पिऊन येईपर्यंत तांबूस पडायला लागतं. त्यामुळं एकदा सुरुवात केली की थांबायचं नाही. धूळ खाली बसायची वाट बघायला कुणाकडं वेळ नसतो.

बारावीनंतर मी या कामाला लागलो. ठेकेदार आमच्याच गावचे. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी अंगानं बारीक, टाकीच्या गोल तोंडातून सहज आत जायचो. तात्या इतरांना सांगायचे, "बघा रं, कॉलेजचं पोरगं हाय, पर कष्टाची लाज न्हाई." मला ते ऐकून बरं वाटायचं. हे लिहिताना आता लाज वाटते, पण वाटायचं.

या कामाला धातूचा बारीक दाणा वापरायचा असतो, त्याला ग्रिट म्हणतात. आणि डोक्यावर बाहेरून नळीनं हवा येणारी टोपी घालायची असते. तात्यांकडं अशी एक टोपी होती. खोक्यात असायची. कारखान्याचे इंजिनिअर बघायला आले की बाहेर निघायची, आणि ग्रिटची चार पोतीही दर्शनी भागात रचली जायची. साहेब गेले की टोपी खोक्यात आणि नदीची वाळू कंप्रेसरला जोडलेल्या पॉटमध्ये. मी तोंडाला आईचं जुनं लुगडं फाडून तीन वेढे गुंडाळायचो. टाकीत हातातला नोझलही दिसायचा नाही.

संध्याकाळी बाहेर आलो की सगळ्यांना गूळ मिळायचा. गुळानं धूळ पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, असं आमच्याकडं सगळे मानतात. गिरणीतले, खडीवरचे, फौंड्रीतले, सगळे. माझे वडील, आण्णा, मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलतात. फुटक्या रव्याचा गूळ ते माझ्याजवळ बांधून द्यायचे. "समद्यांस्नी वाट. छाती साफ ऱ्हाती." सगळ्यांत मोठा खडा मी मल्लाप्पांना द्यायचो. ते सीमेकडच्या गावचे, तात्यांकडं सर्वांत जुने, मला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणायचे. त्यांनीच मला नोझल धरायला शिकवलं.

तीन पावसाळे मी हे काम केलं. म्हणजे कॉलेजचं पहिलं, तिसरं आणि पाचवं सत्र. त्या महिन्यांत वर्गात मी नसायचो. माझा मित्र निख्या माझ्या आवाजात "यस सर" म्हणायचा. हुबेहूब म्हणायचा. कॉलेजच्या कागदावर माझी हजेरी चांगली आहे.

माझी चूक

तिसऱ्या पावसाळ्यात खोकला लागला. मग ताप, मग वजन उतरलं. मग जिना चढताना दम लागायला लागला, मग सायकलवर, मग नुसतं बोलतानाही. तात्यांनीच त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी छातीचा फोटो बघून टीबी सांगितला. दिवाळीपासून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, खोकला तसाच.

एक गोष्ट मला इथं कबूल करायची आहे. त्या चार-पाच महिन्यांत मी तीन डॉक्टर बघितले. तिघांनी विचारलं, "काय करतोस?" मी तिघांना सांगितलं, "बी.ए.ला आहे." आण्णा सोबत असले की माझ्याआधी तेच सांगायचे, "कॉलेजला हाय साहेब. आमच्या घरात पयलाच." आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. "काय करतोस" या प्रश्नाला देण्यासारखं उत्तर आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते सोडून मी वाळू मारतो असं कोण सांगेल?

जो कुणी हे वाचतोय आणि ज्याला असा खोकला आहे, त्यानं एवढं करावं. डॉक्टरांना आधी काम सांगावं. शिक्षण मागनं सांगावं.

निदान

फेब्रुवारीत सरकारी दवाखान्यात भरती झालो. तिथल्या मॅडम छातीचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"घर खडीच्या क्रशरजवळ आहे का?"

"नाही मॅडम."

"वडील खाणीत?"

"गुळाच्या मार्केटात."

त्यांना काही जुळत नव्हतं. दोन दिवस आमचं असंच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवरून एक पेशंट आणला. नाकात ऑक्सिजनची नळी, गाल आत गेलेले. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"अगागा, तम्मा! तू बी हितं? टाकी सोडून हितं कुटं आलास रं?"

मल्लाप्पा होते. एवढं बोलून त्यांना असा खोकला लागला की सिस्टर धावत आल्या. मॅडमची राऊंड चालू होती. त्या माझ्याकडं वळल्या.

"कसली टाकी?"

मी खाली बघितलं. आण्णाही खाली बघायला लागले. मॅडमनी आवाज चढवला नाही, पण हलल्याही नाहीत. शेवटी मी सांगितलं. वाळू, टाकी, लुगडं, तीन पावसाळे. त्यांनी आमचे दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्हीत सारखेच ठिपके होते, भाकरीवर पीठ भुरभुरल्यासारखे. मल्लाप्पांचे जास्त.

"हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "वाळूची धूळ आहे. सिलिकोसिस म्हणतात. आत बसलेली धूळ निघत नाही. आणखी बिघडू नये एवढं आपण बघायचं."

आण्णांनी विचारलं, "मंग गूळ?"

मॅडमना कळेना. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "गूळ पोटात जातो, काका. धूळ छातीत जाते. दोघांची गाठ पडत नाही."

आण्णा बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. त्यानंतर घरी गुळाचा चहा झाला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आईनं साखर आणली एवढंच.

शहाळं

वॉर्डात दिवस लवकर सुरू होतो. ताप बघणे, वाफ, वजन, मग तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर न्यायचे. माझा एक चेंडू जायचा. दुसरा थरथरायचा. भीती अशी एकदम येत नाही. जेवताना घास आधी गिळू की श्वास आधी घेऊ, असा प्रश्न पडतो, तेव्हा येते. साफसफाईच्या एक मावशी होत्या. मी पालथा पडून खोकत असलो की पाठीवरून हात फिरवायच्या. म्हणायच्या, "खोक लेकरा, लाजू नगंस. हितं समदी गवय्येच हायीत."

तात्या आले ते दोन शहाळी घेऊन.

"काय रं सूरज, घाबरलास? टीबीच की. आमच्या थोरल्याला बी झालता. सा म्हयनं गोळ्या खाल्ल्या, आता बैलागत हाय."

मी म्हणालो, "मॅडम म्हणतात वाळूचं आहे."

"कसली वाळू?" ते स्टूल जवळ ओढून बसले. आवाज गोडच होता. "आपल्याकडं ग्रिट असतंय. बिलं हायीत माझ्याकडं."

"तात्या, मी मारलीय वाळू. तीन वर्षं."

"तू? तू कवा आलतास कामाला? सुट्टीत दोन दिस बघाय आलतास, व्हय. कॉलेजचा पोरगा तू. शिकून मोठा हो, बाबा. नको त्यात डोस्कं घालू नगंस."

मग ते पलीकडं मल्लाप्पांच्या कॉटजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, दुसरं शहाळं तिथं ठेवलं आणि निघाले. मल्लाप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी विचारलं, "तुम्ही सांगाल ना, मी कामाला होतो म्हणून?"

"माझं नाव घालू नको, तम्मा. जावई त्येच्याकडंच हाय."

मला त्यांचा राग आला नाही. सगळा राग एकाच माणसासाठी ठेवायचा होता. माझं शहाळं मी प्यायलो नाही. मावशींना सांगितलं, खिडकीत राहू द्या. ते हिरव्याचं तपकिरी होऊन वाळेपर्यंत मी रोज बघत होतो. राग टिकवायला काहीतरी लागतं. श्वासाचा व्यायाम करताना मी त्या शहाळ्याकडं बघून ओढायचो. दुसरा चेंडू वर गेला तो असा गेला. मॅडमनी शाबासकी दिली. त्यांना कारण सांगितलं नाही.

मल्लाप्पा अकराव्या दिवशी गेले. सकाळी चहा आला तेव्हा कप तसाच राहिला, म्हणून कळलं. तात्या मातीला गेले होते. तिथं ते रडले असं जावई सांगत होता. मला पुढचे दोन दिवस ताप होता. तापात मी एकच गोष्ट ठरवली. तात्यांना हे नाव उच्चारायला लावायचं. सिलिकोसिस. सगळ्यांसमोर.

हजेरी

मॅडमनी निदान स्पष्ट लिहून दिलं. कामगारांच्या अशा तक्रारी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं मी अर्ज केला. एप्रिलमध्ये शेवटच्या सत्राची परीक्षाही दिली. खोकल्याचा इतरांना त्रास होतो म्हणून वेगळ्या खोलीत बसवलं होतं. जूनमध्ये निकाल लागला, मी पास झालो. आईनं ओवाळलं. आण्णांनी यार्डात हमालांना पेढे वाटले. मी अजून तिथल्या कमानीपर्यंत चालत जाऊ शकत नाही, म्हणून मोटारसायकलवर बसवून नेलं आणि प्रत्येकाला दाखवलं, "ग्रॅज्युएट."

त्याच महिन्यात पहिली सुनावणी झाली. तात्यांच्या वकिलांनी एकच कागद पुढं केला. माझी कॉलेजची हजेरी. जून ते सप्टेंबर, तिन्ही वर्षं. वकील म्हणाले, "साहेब, हा मुलगा रोज वर्गात होता. हे आम्ही म्हणत नाही, कॉलेज म्हणतंय. मग हा टाकीत कधी होता?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हजेरी खोटी आहे."

"कॉलेज तसं लिहून देईल?"

कॉलेजनं तसं लिहून दिलं तर माझी पदवी जाईल, हे मला माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं. म्हणूनच ते माझ्याकडं बघून हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली, शहाण्या मुलाकडं बघून हलवतात तशी.

त्या आठवड्यात घरी आण्णांनीच विषय काढला.

"सूरज, डिग्री घालवायची न्हाई."

"मग तात्या सुटतील."

"सुटू दे की. तुझी छाती माघारी येणार हाय का? जे हातात हाय ते बी टाकून देतोस? तीस वर्सं पाठीवर रवं घेतलं. कशापायी?"

"मल्लाप्पा मेले, आण्णा."

"त्येंचा जावई गप हाय. तुलाच काय पडलंय?"

आई भाकरी थापत होती. ती मध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "त्यो तात्या परवा दारावरनं गेला. मला म्हनला, वैनी, पोराला जपा. मला म्हनला!" तिनं भाकरी तव्यावर आपटली. "घालव डिग्री. परत मिळवशील. ह्यो घावला न्हाई तर मला झोप न्हाई."

"तू शिकवतीस व्हय त्येला?" आण्णा ओरडले.

"व्हय. एवढं मीच शिकवती."

आण्णा उठून गेले. ते चुकीचं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. मला फक्त त्यांच्यासारखं वागता आलं नाही.

निख्याला सांगितलं, कारण खोटी हजेरी त्यानंच दिली होती. तो म्हणाला, "घाल की माझं नाव बी. च्यायला, तुझा आवाज काढून काढून माझाच बिघडलाय. पण भावा, एक सांग. रागात करतोयस का विचार करून?"

"रागातच," मी म्हणालो. "पण रोज विचार करतोय."

मी प्राचार्यांपुढं अर्ज ठेवला. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सत्रात मी वर्गात नव्हतो, माझी हजेरी दुसऱ्यानं दिली. सरांनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"याचा परिणाम कळतो ना? ही तिन्ही सत्रं रद्द धरावी लागतील. पदवी थांबेल."

"हो सर."

"हजेरी कोण द्यायचं?"

"ते विचारू नका सर. बाकी सगळं लिहून घ्या."

सरांनी अर्ज फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाले, "एवढा प्रामाणिकपणा तीन वर्षांपूर्वी दाखवायचास." मी म्हणालो, "सर, हा प्रामाणिकपणा नाही." काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. चार दिवसांनी कॉलेजचं पत्र मिळालं. त्यात माझ्या गैरहजेरीची खात्री होती आणि खाली तीन सत्रं रद्द केल्याची ओळ. मी पत्र वाचून रडलो. हे मी लपवत नाही. पण घडी करताना कागद सुरकुतणार नाही याची काळजीही घेत होतो, कारण तो मला अधिकाऱ्यांच्या टेबलावर चांगला दिसायला हवा होता.

दुसरी सुनावणी

आण्णा येणार नाहीत असं वाटलं होतं. ते आले. यार्डातली टोपी घालून आले आणि माझ्यामागच्या खुर्चीवर बसले.

वकिलांनी पुन्हा हजेरीचा कागद काढला. मी कॉलेजचं पत्र त्यावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं. तीन सत्रं रद्द, ही ओळही वाचली. वकील तात्यांच्या कानाशी वाकले. तात्या त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

"सूरज," ते म्हणाले, "तुझंच वाटोळं केलंस की रं."

"व्हय तात्या. माझं झालं. आता तुमचं बघू."

अधिकाऱ्यांनी मला गप्प केलं. मग त्यांनी तात्यांना विचारलं, "हा मुलगा कॉलेजात नव्हता. मग या महिन्यांत कुठं होता?"

तात्या वकिलांकडं वळले. तेवढ्यात आण्णा मागून उठले. "साहेब, मी सांगतो. रोज सकाळी मीच त्येला ह्यांच्या टेम्पोत बसवत हुतो. ह्यांचाच टेम्पो. ह्यांच्याच हातात पोरगं दिलतं."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग डॉक्टरांचा कागद तात्यांसमोर सरकवला आणि म्हणाले, "वाचा. आजाराचं नाव मोठ्यानं वाचा." तात्यांनी चष्मा लावला. ते अडखळले. सि-लि... असं म्हणून थांबले, पुन्हा सुरू केलं. मी त्यांना मदत केली नाही.

तात्यांचं वाळूचं काम त्या दिवसापासून बंद करायचा आदेश झाला. त्यांच्याकडं आजवर टाकीत उतरलेल्या प्रत्येक माणसाच्या छातीचा फोटो काढायचा, हेही ठरलं. त्यात मल्लाप्पांचा जावईही आहे. पुढं खटला किती चालेल माहीत नाही. मला दोन वर्षं पुन्हा कॉलेजला बसावं लागेल, आणि छाती तेवढी साथ देईल का, हे मॅडमही सांगत नाहीत.

ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे. उतरताना मला मधल्या वळणावर बसावं लागलं. मागून तात्या आले. त्यांना घाई होती, खाली वकील वाट बघत होते.

"सरक की जरा बाजूला."

"थांबा तात्या. दम लागलाय."

ते दोन पायऱ्या वर उभे राहिले. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो त्यांना अगदी जवळून ऐकू जात होता. त्यांनी एकदा खिशातला फोन काढला, परत ठेवला. भिंतीला हात टेकला. पाच मिनिटं झाली असतील. शिट्टी हळूहळू थांबली. मला चालता येईल एवढा श्वास आला.

मी उठलो नाही.